वर्षाचा हिशेब मागणारा समाज
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहार समितीने मला विषय दिला आहे, 'बार्टी या संस्थेचे वर्षभराचे काम'. मी काही प्राध्यापक नाही, की अधिकारी नाही. माझी उमर गिरणीत गेली, रिंग खात्यात. जे वाचले ते पाळीच्या आधी, नाहीतर पाळी सुटल्यावर. त्यामुळे माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नका. पण गिरणीने एक गोष्ट पक्की शिकवली, ती हिशेबाची. पाळी सुटली की प्रत्येक मशीनचा हँक लिहून घेतला जायचा. मशीन आठ तास फिरत होते हे सगळ्यांनी पाहिलेले असायचे, पण फिरले म्हणजे सूत निघाले असे कोणी धरत नसे. किती सूत निघाले ते हँकवरून कळायचे. आज मला बार्टीबद्दल बोलायचे आहे ते याच रीतीने.

बार्टी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था. आपल्या वस्तीतल्या लोकांना ही संस्था दोनच ठिकाणी भेटते. एक, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, पुस्तकांच्या स्टॉलवर, जिथे मोठ्या सवलतीत पुस्तके मिळतात म्हणून आपण रांग लावतो. आणि दुसरी, पोराला इंजिनिअरिंगला घालायचे असले की जात पडताळणीच्या फॉर्मवर. यापलीकडे ही संस्था वर्षाचे बारा महिने काय करते, तिच्यावर कोणाचा पैसा खर्च होतो, त्यातले आपल्या दारापर्यंत काय येते, हे आपण विचारत नाही. आजचा माझा मुद्दा एवढाच आहे. संस्था सरकार काढते, पण ती जिवंत राहते तिचा हिशेब मागणाऱ्या समाजामुळे.

बंधू-भगिनींनो, अशा संस्थेची गरज काय, हे आधी समजून घेऊ. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात नोकऱ्यांचा प्रश्न होता, शिक्षणाचा होता. १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या थोडे वर, म्हणजे बारातली एक, अशी जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. शिष्यवृत्तीसाठी ३ लाख रुपयांची तरतूद झाली. १९४६ साली ते प्रमाण साडेबारा टक्के झाले आणि १९७० पासून १५ टक्के आहे. म्हणजे नुसती जागा राखून भागत नाही, त्या जागेवर बसणारा माणूस तयार करावा लागतो, हे बाबासाहेबांनी सुरुवातीपासून ओळखले होते. म्हणून एका हाताने जागा मागितली आणि दुसऱ्या हाताने शिष्यवृत्ती मागितली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे केले.

आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षात त्यांनी आणखी एक काम केले, जे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. १ जुलै १९५६ रोजी मुंबईत त्यांनी 'ट्रेनिंग स्कूल फॉर एंट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केले. राजकारणात येऊ इच्छिणाऱ्या माणसांना आधी शिकवून तयार करायचे, अशी ही शाळा. बाबासाहेब स्वतः तिचे संचालक. सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल रेगे हे रजिस्ट्रार. पहिल्या तुकडीत विद्यार्थी फक्त १५. ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ती शाळा मार्च १९५७ पर्यंत चालली आणि बंद पडली. पहिली तुकडी तीच शेवटची ठरली. धड एक वर्षही पुरे झाले नाही.

यातून काय घ्यायचे? बाबासाहेबांची दृष्टी अशी होती की लोकांची सेवा करायला, मग ती आमदार म्हणून करा की कलेक्टर म्हणून, शिक्षण लागते, शिस्त लागते, अभ्यास लागतो. नुसती तळमळ पुरत नाही. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की एवढ्या मोठ्या माणसाने काढलेली शाळासुद्धा त्या माणसामागे काही महिन्यांतच थांबली. संस्था एका माणसाच्या खांद्यावर उभी असली की त्याच्यामागे ती राहत नाही. तिला अनेक खांदे लागतात, आणि ते खांदे तुमचे-माझे असतात.

आता आपल्या बौद्धांची एक वेगळी अडचण सांगतो. आपल्या आई-वडिलांनी १९५६ साली धम्म स्वीकारला. राज्य सरकारने आपल्या सवलती नवबौद्धांना चालू ठेवल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत बौद्ध झालेल्याला अनुसूचित जातीचा हक्क राहिला नाही. तो हक्क मिळाला थेट १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाल्यावर. मध्ये ३४ वर्षे गेली. एक अख्खी पिढी. त्या पिढीतल्या हुशार मुलाला आय.ए.एस.चा फॉर्म भरताना एक तर धम्म कागदावरून पुसावा लागे, नाहीतर खुल्या जागेतून झगडावे लागे. आज आपली मुले धम्म न लपवता फॉर्म भरतात. त्यांच्या हातात जो कागद आहे, त्याच्यामागे ३४ वर्षांची वाट पाहणे आहे. म्हणून ह्या संधीचा एकसुद्धा दिवस वाया जाता कामा नये, असे मला वाटते.

आता संस्थेकडे वळू. १९७८ साली सरकारने 'समता विचारपीठ' स्थापन केले. त्यातूनच आजची बार्टी झाली. तिचे मुख्य कार्यालय पुण्याला कॅम्पात, क्वीन्स गार्डनमध्ये आहे. सामाजिक न्याय विभागाच्या हाताखालची ही संस्था, पण २००८ सालापासून तिला स्वायत्त दर्जा आहे. स्वायत्त म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः बघणारी, पैसा मात्र सरकारचा. सरकारचा म्हणजे कोणाचा? आपण माचिस घेतो त्यावर कर देतो, एस.टी.चे तिकीट काढतो त्यावर कर देतो. तो पैसा. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अंदाजपत्रकात रक्कम ठेवायची, अशी पद्धत आहे. पूर्वी तिला विशेष घटक योजना म्हणत, आता अनुसूचित जाती उपयोजना म्हणतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. तेव्हा बार्टीचा पैसा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो आपल्या वाट्याचा पैसा आहे.

बार्टीच्या मागून तिच्याच धर्तीवर दुसऱ्या समाजांसाठी संस्था निघाल्या. २०१८ साली मराठा समाजासाठी सारथी, २०१९ साली ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, २०२४ साली मातंग समाजासाठी अण्णा भाऊ साठे यांच्या नावाची आर्टी. आदिवासींची संशोधन संस्था तर पुण्यात १९६२ पासून आहे. कोणी याचा हेवा करू नये. उलट प्रत्येक समाजाला वाटते की आपली मुले कारभारात बसली पाहिजेत, आपल्या समाजाचा अभ्यास झाला पाहिजे. हा विचार पसरला, ही चांगलीच गोष्ट आहे.

ह्या संस्थेचे वर्षभराचे काम मी माझ्या समजुतीप्रमाणे चार खात्यांत वाटून सांगतो.

पहिले खाते प्रशिक्षणाचे. यूपीएससी, एमपीएससी, बँक, रेल्वे, विमा, पोलीस आणि सैन्यभरती या परीक्षांची तयारी. काही मुलांना दिल्लीच्या क्लासला पाठवतात, विद्यावेतन देतात, तर काही प्रशिक्षण इथल्याच केंद्रांतून होते. बार्टीच्या आधीपासून मुंबईत १९७६ साली सरकारने राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था काढली. नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नाशिक इथेही अशी केंद्रे आहेत. ही माहिती मुद्दाम देतो, कारण एकाच दारावर सगळ्यांनी गर्दी करायची गरज नाही.

ह्या परीक्षेचे वर्ष कसे फिरते ते पालकांनी समजून घ्यावे. साधारण वर्षाच्या सुरुवातीला जाहिरात येते. उन्हाळ्याच्या शेवटी पूर्वपरीक्षा होते, दोन पेपर, प्रत्येकी २०० मार्कांचे. त्यातला दुसरा ३३ टक्के मिळवून नुसता पास व्हायचा. पावसाळा संपता संपता मुख्य परीक्षा. तिचे नऊ पेपर. त्यातले दोन भाषेचे पेपर फक्त पास व्हायचे, बाकी सात पेपरांचे मिळून १७५० मार्क. मग पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मुलाखत, २७५ मार्कांची. एकूण २०२५. मराठीतून उत्तरे लिहिता येतात, मराठी साहित्य हा विषयही घेता येतो. आपल्या मुलांना वयाची सवलत ३७ वर्षांपर्यंत आहे, आणि त्या वयापर्यंत कितीही वेळा बसता येते. फी माफ आहे. आणि एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षासुद्धा २०२५ पासून याच लेखी पद्धतीची झाली आहे.

आता खरे सांगायचे ते सांगतो. देशभरातून सुमारे दहा लाख मुले फॉर्म भरतात आणि शेवटच्या यादीत हजाराच्या आसपास नावे लागतात. हजारातले एक. तेव्हा वर्षभर प्रशिक्षण घेतलेला मुलगा पास झाला नाही म्हणजे त्याने वर्ष फुकट घालवले असे कृपा करून म्हणू नका. आपल्या वस्तीत मी हे ऐकलेले आहे. "काय रे, झाला का कलेक्टर?" असे चाळीच्या जिन्यात विचारतात आणि त्या पोराची मान खाली जाते. पुढे तो पोरगा जिन्यातून न येता मागच्या बाजूने ये-जा करू लागतो. अरे, त्या पोराने संविधान वाचले आहे, अर्थशास्त्र वाचले आहे, पंचायत राज वाचले आहे. तो बँकेत लागेल, मंत्रालयात कारकून होईल, ग्रामसेवक होईल, नाहीतर वस्तीतल्या मुलांना शिकवील. लोकसेवा म्हणजे फक्त दिवा लावलेली गाडी नव्हे. आणि तो लाल दिवा तर २०१७ सालीच निघाला!

मुलींच्या बाबतीत तर आपण जास्तच आखडता हात घेतो. मुलाला पुण्या-दिल्लीला पाठवतो, मुलीला म्हणतो, घरी बसून कर अभ्यास. दहा बाय बाराच्या खोलीत, पाणी भरून, भाकऱ्या थापून, लहान भावंडे सांभाळून कुठला होणार अभ्यास? बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. मग आपल्या घराची प्रगती आपण कशावरून मोजतो, ते प्रत्येक बापाने आपल्या मनाला विचारावे.

निवड झाल्यावरही शिक्षण संपत नाही, हे मुद्दाम सांगतो. आय.ए.एस. झालेल्यांना मसुरीच्या लालबहादूर शास्त्री अकादमीत पाठवतात. तिथे दोन वर्षांचे प्रशिक्षण असते आणि त्यातले जवळजवळ एक वर्ष जिल्ह्यात काढावे लागते. तलाठ्याचे दप्तर कसे असते, तहसील कसे चालते, पंचायत समितीत काय होते, हे शिकावे लागते. म्हणजे सर्वात मोठ्या साहेबालासुद्धा आधी तलाठ्याच्या टेबलापाशी बसवतात. हे मला फार आवडले. आपल्या गिरणीतही मालकाचा मुलगा आधी खात्यात उभा राहिला असता तर पुष्कळ गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या.

दुसरे खाते संशोधनाचे. बाबासाहेबांच्या नावाने पीएच.डी. करणाऱ्यांना बार्टी अधिछात्रवृत्ती देते, म्हणजे फेलोशिप. आपल्याला वाटते, पीएच.डी.चा आपल्याशी काय संबंध? फार संबंध आहे. आपल्या माणसांचे काय चालले आहे, सफाई कामगार कशाने मरतात, वसतिगृहातली मुले शिक्षण का सोडतात, गावात जमीन कोणाच्या नावावर आहे, हे कोणीतरी मोजल्याशिवाय सरकारपुढे मांडता येत नाही. २०२३ साली मुंबईला आझाद मैदानावर ह्या संशोधक विद्यार्थ्यांनी कितीतरी दिवस धरणे धरले होते, आठवते का? फेलोशिपच्या यादीत ८६१ विद्यार्थी, आणि सरकार म्हणत होते जागा दोनशेच. उन्हातान्हात, लेकरे कडेवर घेऊन मुली बसल्या होत्या. आपल्यातले काहीजण भाकरी घेऊन गेले होते. शेवटी सरकारला त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागला. त्या मुलांनी संस्थेवर दगड मारला नाही, संस्थेचा हिशेब मागितला. दोन्हींत फरक आहे.

तिसरे खाते जात पडताळणीचे. याचा त्रास सगळ्यांनी भोगला आहे. २००० सालचा कायदा आहे, त्याप्रमाणे राखीव जागेवर प्रवेश, नोकरी किंवा निवडणूक असली की वैधता प्रमाणपत्र लागते. जिल्ह्याजिल्ह्यात समित्या आहेत आणि अर्जाची सगळी व्यवस्था बार्टीच्या संगणकावरून चालते. आपल्या वस्तीतल्या एका मुलीला बारावीला चांगले मार्क पडले, पण प्रमाणपत्र वेळेत हातात नव्हते. प्रवेशाची तारीख निघून गेली, एक वर्ष गेले. त्या वर्षी तिच्या आईने रोज संध्याकाळी देवळात नव्हे, विहारात येऊन नुसते बसायचे. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून पालकांनो, हे काम बारावीच्या निकालानंतर करायचे नसते, अकरावीला कॉलेजात नाव घातले की सुरू करायचे असते. आपल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आपले आजोबा शाळेत गेले नव्हते, मग दाखला कुठला? तर गावाकडे जन्म-मृत्यूची नोंद असते, तिला कोतवाल बुक म्हणतात. तहसील कचेरीत त्याचा उतारा मागता येतो. वडिलांचे किंवा सख्ख्या चुलत्याचे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ हलके होते. तेव्हा भावाभावांत अबोला असला तरी कागदापुरते एकमेकांना द्या. आणखी एक, केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. तो आधीच काढून ठेवा.

चौथे खाते प्रबोधनाचे. तालुक्या-तालुक्यात समतादूत नेमलेले आहेत. योजना सांगणे, संविधान सांगणे, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धा यावर बोलणे ही त्यांची कामे. १४ एप्रिल, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ६ डिसेंबर, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, ह्या दिवसांना पुस्तके, कार्यक्रम. हे काम डोळ्याला दिसते. पण सभा झाली, हार घातला, फोटो निघाला, एवढ्यावर वर्ष संपले असे होऊ नये. हा दोष कुठल्या एका संस्थेचा नाही, आपल्या सगळ्यांच्या मंडळांचा आहे.

ही झाली चार खाती. मशीन फिरते हे खरे. आता सूत किती निघाले ते कसे ओळखायचे?

प्रत्येक संस्था वर्षाचा अहवाल काढते. सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. अहवालात बहुतेक वेळा एवढे कार्यक्रम झाले, एवढ्यांनी लाभ घेतला, असे आकडे असतात, आणि मंत्र्यांचे फोटो असतात. ते वाचून पान उलटू नका. मी स्वतःसाठी पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत, ते तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, प्रशिक्षणाच्या मंजूर जागा किती आणि भरल्या किती? दुसरा, आलेल्या अर्जांत मुली किती, खेड्यातल्या मुली किती, आणि त्यांतल्या निवडल्या किती? तिसरा, पहिल्या दिवशी वर्गात किती होते आणि शेवटच्या दिवशी किती उरले? मधले गेले ते का गेले? चौथा, विद्यावेतन आणि फेलोशिप कोणत्या महिन्याची कोणत्या महिन्यात मिळाली? कारण गरिबाच्या पोराला सहा महिने उशिरा आलेला पैसा म्हणजे न आलेलाच पैसा. त्याने तोवर खोली सोडलेली असते. पाचवा, जे संशोधन झाले ते कुठे ठेवले आहे, आणि त्यातली कोणती शिफारस सरकारने मानली?

ही उत्तरे अहवालात सापडली नाहीत तर माहितीचा अधिकार आहे. कायदा २००५ सालचा. साध्या कागदावर जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहायचा, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, आणि तो दीडशे शब्दांत. माहिती कशाला पाहिजे, हे सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. नाही आले, किंवा अर्धवट आले, तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिले अपील. तिथेही नाही जमले तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. यात वकील लागत नाही. मी स्वतः मोडक्या अक्षरात अर्ज केलेले आहेत. एका कचेरीत साहेबाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून विचारले, "शिक्षण काय तुमचं?" मी म्हटले, "साहेब, कायद्यात ती अट नाही." बाविसाव्या दिवशी टपालाने माहिती घरी आली.

यावर आपल्यातलेच काही ज्येष्ठ मला म्हणतात, "बाबा, संस्था बाबासाहेबांच्या नावाची आहे. आपणच बोट दाखवले तर ज्यांना ती नको आहे त्यांना आयते कोलीत मिळेल." ही भीती खोटी नाही. ज्यांच्या डोळ्यांत आपली मुले खुपतात असे लोक आहेत. पण मला सांगा, ज्या संस्थेकडे कोणी लक्षच देत नाही, तिचा निधी कापला तर ओरडणार कोण? ज्याला मंजूर जागा किती हे माहीत आहे, त्यालाच जागा कमी झालेल्या कळतात. हिशेब विचारणारा माणूस हा संस्थेचा राखणदार असतो. आपण घरातल्या पोराला मार्क विचारतो ते त्याचा द्वेष करतो म्हणून नव्हे. भगवंतांनीसुद्धा कालामांना सांगितले की ऐकले म्हणून, चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून घ्या. तथागतांचा धम्म तपासून घ्यायचा, आणि सरकारी संस्थेचा अहवाल तेवढा डोळे मिटून मानायचा, हे कसे चालेल?

तसेच जिथे चांगले काम झाले तिथे चांगले म्हणायलाही शिकले पाहिजे. एखाद्या अधिकाऱ्याने वेळेवर फेलोशिप काढली, एखाद्या समतादूताने पाड्यावर जाऊन दहा फॉर्म भरून घेतले, तर त्याला दोन ओळींचे पत्र पाठवा. शिव्यांचे पत्र सगळेच पाठवतात. चांगल्या माणसाला आपण एकटे पाडतो आणि मग म्हणतो, खात्यात चांगली माणसे राहिली नाहीत.

आता आपल्या विहाराने काय करावे, ते सांगून पुरे करतो. तीन गोष्टी सुचवतो, तिन्ही बिनपैशाच्या.

एक, विहाराच्या दाराशी जो फळा आहे, त्यावर वंदनेच्या वेळेबरोबर बार्टीच्या आणि इतर संस्थांच्या फॉर्मच्या तारखाही लिहाव्यात. कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांनी दर सोमवारी मोबाईलवर बघून त्या लिहायच्या. आपल्याकडे फॉर्म निघाल्याचे कळते ते शेवटच्या दिवशी.

दोन, दर रविवारी वंदना झाल्यावर तासभर कागदपत्रांचा. दहावी-अकरावीच्या मुलांच्या पालकांनी पिशवीतले सगळे कागद घेऊन यायचे. ज्याचे काम झाले आहे त्याने ज्याचे राहिले आहे त्याला दाखवायचे. महिला मंडळाने हे काम हातात घ्यावे, कारण कोणता कागद कुठल्या डब्यात आहे हे घरात बाईलाच माहीत असते.

तीन, वर्षातून एकदा, आजच्यासारख्या वर्धापनदिनी, वस्तीचा स्वतःचा अहवाल वाचावा. यंदा किती मुले-मुली परीक्षेला बसली, किती प्रशिक्षणाला गेली, किती परत आली, कोणाचे प्रमाणपत्र अडले, आपण किती अर्ज केले, किती उत्तरे आली. नावे नकोत, आकडे पुरेत. पुण्याच्या संस्थेला आपण हिशेब मागतो, तर आधी आपला हिशेब आपण मांडला पाहिजे. दहा वर्षांनी कोणी ही स्मरणिका उघडील, तेव्हा त्याला त्यात हारतुऱ्यांच्या फोटोंसोबत हे आकडेही दिसू देत.

बाबासाहेबांनी १९५६ साली १५ विद्यार्थी घेऊन शाळा काढली, तेव्हा त्यांच्या पायांत चालण्याचे बळ उरले नव्हते, डोळ्यांना नीट दिसत नव्हते. तरी त्यांना वाटले, शिकवून माणसे तयार केली पाहिजेत. आज आपल्याकडे संस्था आहेत, इमारती आहेत, निधी आहे, कायदा आहे. कमी आहे ती विचारणाऱ्यांची. ती कमतरता ह्या वस्तीने आपल्यापुरती भरून काढावी, एवढी नम्र विनंती करतो. 

नमो बुद्धाय! जयभीम!